घट

हुपरीत आमच्या घरी एक वही आहे,
लाल कापडी पुठ्ठ्याची.
डावीकडे आलेली चांदी, उजवीकडे गेलेली,
आणि मधल्या चिंचोळ्या रकान्यात
बाबांच्या बारक्या अक्षरात : घट.

मुशीत जळालेली, कानशीच्या दातांत अडकलेली,
पॉलिशच्या चाकावरून उडून भिंतीला बसलेली.
महिनाअखेरीस झारेकरी येतो,
जमिनीची धूळ, फडक्यांची राख,
हात धुतलेलं पाणीसुद्धा मोजून नेतो.
त्यातूनही चांदी निघते.
तरी हिशेब पुरा जुळत नाही कधी.
बाबा निमूट सोडून देतात :
"एवढी जायचीच. हवंत गेली."

मी आता कोल्हापुरात, विद्यापीठाच्या माळावर,
दुसऱ्या मजल्यावर चांदीच करते.
बाबा घुंगरू ओततात, मी कण.
चंचुपात्रातलं स्वच्छ पाणी ढवळता ढवळता
काकवीचा थेंब पडल्यागत पिवळं होतं.
फोटो पाठवला तर बाबा म्हणाले,
"ही चांदी? भेसळ दिसतीया."

नाही बाबा, निखळ आहे.
फक्त इतकी बारीक केली
की ती आता चांदीसारखी वागत नाही.

माशांची अंडी असतात, चोवीस खळग्यांच्या ताटलीत,
काचेसारखी आरपार.
दुसऱ्या दिवशी हृदय दिसतं, तिळाहून लहान,
साध्या पाण्यातलं मिनिटाला दीडशे ठोके.
चौथ्या ओळीत मी मोजते
आणि ऐंशीवर थांबते, परत मोजते.
शेपूट वळलेली,
बाबांच्या साच्यातल्या कोयरीसारखी, हुबेहूब.
हृदयाभोवती पाण्याची पिशवी,
तिच्यात ते ठोकत राहतं.

पेशीनं दार लावलेलं नसतं असं नाही.
पण कण दार वाजवत नाही.
पेशीच त्याला घास समजून पोटात घेते,
आणि मग पचवायला बसते.
तिथं तो झिजू लागतो.

आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळते,
फडकं उलटं करून
अडकलेले जीव परत विहिरीत सोडते.
मी एकदा हिशेब केला :
माझा कण त्या फडक्यातून जाणं म्हणजे
पंचगंगेच्या पुलाच्या कमानीखालून मुंगी जाणं.
आईला हे सांगितलं नाही.
ती रोज दिवेलागणीला फोन करते, एकच विचारते,
"आज किती गेले?"
मी आकडा सांगते.
पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.

अष्टमीला घरी गेले तर
जेवताना बाबांच्या नखांकडे लक्ष गेलं.
मुळाशी जिथं पांढरी चंद्रकोर असते
तिथं निळसर राखाडी.
"कामाचा रंग हाय, जातोय साबणानं."
बत्तीस वर्षांत गेला नव्हता.
छातीचा फोटो खिडकीला धरून मी बघत बसले.
डॉक्टरांनी लिहिलं होतं, धूळ.
माशावरून माणसाबद्दल बोलू नये,
प्रबंधात तसं एक वाक्य घालावंच लागतं.
मी घातलंय. खरंही आहे ते.

रात्री वही उघडली.
बाबांच्या अक्षराखाली, घटीच्याच रकान्यात,
आईचे मोठे, वेडेवाकडे आकडे :
चौदा. नऊ. बावीस. अकरा.
वजन नाही, तारीख नाही.

सकाळी झारेकरी आला. पिंपातलं पाणी हलवून बघितलं,
राखेची पोती बांधली.
बाबा रुमालात खोकत होते.
"बाळगोंडाण्णा," तो म्हणाला,
"त्यो रुमाल पण द्या की, त्यात बी निघंल चार-दोन ग्रॅम."
बाबा हसले. हसता हसता पुन्हा खोकले,
बराच वेळ.
मग रुमालाची व्यवस्थित चौकोनी घडी घातली
आणि खिशात ठेवली.